जा, पण भूक घेऊन जा

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सप्रेम आशीर्वाद.

युकेरिस्टिक काँग्रेसला, म्हणजे ख्रिस्तशरीराच्या भक्तीसाठी भरणाऱ्या एवढ्या मोठ्या कॅथलिक मेळाव्याला, जावं की नाही, असं तू विचारलंस. पण तुझा खरा प्रश्न पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत आहे. रविवारची मिस्सा, ही आपली उपासना, सुटलेली नाही, पण तिच्यातली पवित्र भाकर, म्हणजे ख्रिस्तशरीर, स्वीकारताना आत काहीच हलत नाही. मेळाव्याला जाऊन आलेल्यांचे चेहरे मात्र उजळलेले दिसतात. ‘तिथं गेल्यावर माझंही तसं होईल का?’

होईलही, नाहीही. तरी जा, असंच मी सांगेन. फक्त कशासाठी जायचं ते आधी ठरव, नाहीतर परतल्यावर महिन्याभरात तू आज आहेस तिथंच येशील आणि वर निराश होशील ते वेगळंच.

हजारो माणसं एका सुरात गात असतात, दिवे मंद केलेले असतात, धूप दरवळत असतो आणि मॉन्स्ट्रन्स, म्हणजे ख्रिस्तशरीर सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं पात्र, वर उचलली जाते. अंगावर काटा येतोच. तो खोटा असतो असं मी म्हणत नाही, देवानं माणसाला अंग दिलंय आणि त्या अंगानंच आपण प्रार्थना करतो. पण काटा हे श्रद्धेचं माप नव्हे. मदर तेरेसांच्या मृत्यूनंतर त्यांची खासगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. आत कोरडेपणा, अंधार. तरी रोज मिस्सा, रोज ख्रिस्तशरीर, रोज आराधना, आणि मग रस्त्यावरचं काम. ‘आत काही हलत नाही’ एवढ्यावरून श्रद्धा संपली असं तू धरून चालला असशील किंवा चालली असशील, तर त्या पत्रांची आठवण ठेव.

या मेळाव्यांचा इतिहासही थोडा माहीत असू दे. पहिली आंतरराष्ट्रीय युकेरिस्टिक काँग्रेस १८८१ साली फ्रान्समधल्या लील शहरात भरली. तिच्यामागे एका प्रापंचिक बाईची चिकाटी होती, एमिली तामिझिए तिचं नाव. ना पद, ना अधिकार. बिशपांच्या मागे लागून लागून तिनं ही कल्पना पुढे रेटली. त्या काळात नियमित मिस्साला येणारी भाविक माणसंसुद्धा वर्षातून मोजक्याच वेळा ख्रिस्तशरीर स्वीकारत. आपण लायक नाही, ही भीती मनात खोल बसलेली. ती भीती मोडून काढली पोप दहावे पायस यांनी. १९०५ च्या डिसेंबरात निघालेल्या आदेशानं वारंवार, अगदी रोजसुद्धा, ख्रिस्तशरीर घेण्याला उत्तेजन दिलं आणि १९१० मध्ये त्यांनी मुलांसाठी पहिल्या कम्युनियनचं, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घेण्याचं, वय साधारण सात वर्षांवर आणलं. आज तुला दर रविवारी जे सहज मिळतं, ते तुझ्या पणजोबांच्या आजोबांना सहज मिळत नव्हतं. सहज मिळतं म्हणून चव गेली, असंही असेल.

आता तुला माद्रिदची गोष्ट सांगते, कारण माझं म्हणणं सगळं तिच्यातच आहे.

२०११ च्या ऑगस्टमध्ये तिथं जागतिक युवा दिन, म्हणजे जगभरच्या कॅथलिक तरुणांचा मेळावा, भरला होता. शनिवारची रात्र, २० तारीख. क्वात्रो व्हिएंतोस नावाचं विमानतळाचं मैदान, दहा लाखांहून अधिक तरुण, दिवसभर भाजून काढणारं ऊन. पोप बेनेडिक्ट सोळावे बोलायला उभे राहिले आणि वादळ आलं. वाऱ्यानं त्यांची पांढरी टोपी उडवून नेली, वरून पावसाचा मारा. भाषण थांबलं. आजूबाजूच्यांनी छत्र्या धरल्या. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस जागचा हलला नाही. पाऊस ओसरल्यावर लांबलचक भाषण वाचत बसण्याऐवजी त्यांनी ते आटोपतं घेतलं. मग तोलेदोच्या कॅथीड्रलमधली ती उंच, जुनी मॉन्स्ट्रन्स वर आली, पोप गुडघे टेकून बसले आणि चिखलात, ओल्या कपड्यांत तेवढा सगळा जमाव गप्प झाला. जे तिथं होते ते अजून त्या शांततेविषयीच बोलतात, भाषणाविषयी नाही.

पण पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. मैदानभर पवित्र भाकर ठेवायला जे तंबू उभारले होते, त्यांतले बरेच वादळात कोसळले. त्यामुळे दुसऱ्या दिवशी, रविवारच्या समारोपाच्या मिस्साला, बहुतेकांना ख्रिस्तशरीर मिळालंच नाही. कुठून कुठून आलेली, रात्रभर भिजलेली मुलं, आणि ज्यासाठी आली तेच नाही! त्यांना सांगण्यात आलं, मनानं प्रभूला स्वीकारा. आध्यात्मिक कम्युनियन म्हणतो ते हेच: हे प्रभो, आत्ता तू मला मिळत नाहीस, पण मला तू हवा आहेस, असं त्याला सांगणं.

मला विचारशील तर त्या मेळाव्याचं खरं दान ते होतं. मिळालं असतं तर त्यांनी ते नेहमीसारखं घेतलं असतं. मिळालं नाही तेव्हा भूक कळली. श्रद्धा नव्यानं जागी होते म्हणजे नेमकं काय होतं, हे मी इतकी वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गात समजावून सांगत आले, पण भूक कळणं याहून नेमकं मला काही सुचलेलं नाही.

गर्दीचा आकडा त्या भाकरीत काही भर घालत नाही. व्हिएतनामचे बिशप व्हॅन थुआन यांना १९७५ मध्ये अटक झाली. तेरा वर्षं कैद, त्यातली नऊ एकांतकोठडीत. सुरुवातीला घरच्यांकडून वस्तू मागवायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी पोटदुखीवर औषध म्हणून थोडा द्राक्षारस पाठवा असं लिहिलं. बाहेरची माणसं उमजली. बाटलीवर पोटाचं औषध अशी चिठ्ठी डकवून द्राक्षारस आला आणि टॉर्चमध्ये लपवून पवित्र भाकरी. त्यावर गुपचूप मिस्सा: तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब, पाण्याचा एक थेंब. तळहात हीच वेदी, तोच प्याला. पुढे छावणीत इतर कैद्यांबरोबर असताना सिगारेटच्या पाकिटांच्या कागदाच्या छोट्या पिशव्या करून त्यांत ते ख्रिस्तशरीर ठेवत आणि गुपचूप एकाकडून दुसऱ्याकडे देत. माद्रिदच्या मैदानावर जो होता, तोच त्या कागदात होता. हे तुला पटत असेल तर मेळाव्याला जरूर जा. पटत नसेल, तर पटत नाही हे मनाशी बाळगूनच जा, पण खोटं खोटं भारावून जाऊ नकोस.

आता व्यवहाराचं.

कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, पहिल्याच दिवशी उरक. मेळाव्यात त्यासाठी शेकडो धर्मगुरू बसलेले असतात आणि रांगा लांब असतात, म्हणून माणूस उद्यावर ढकलतो आणि मग राहूनच जातं. तुला न ओळखणाऱ्या, बहुधा पुन्हा कधी न भेटणाऱ्या धर्मगुरूपुढे बोलणं आपल्या चर्चमधल्या फादरांपुढे बोलण्यापेक्षा सोपं वाटतं. त्या सोपेपणाचा फायदा घे. गंभीर पाप मनावर असेल तर ख्रिस्तशरीर घेण्याआधी कन्फेशन हवंच, हा नियम गर्दीत सैल होत नाही. ख्रिस्तशरीर घेण्याआधीचा तासाभराचा उपवासही तसाच: पाणी आणि औषध चालतं, बाकी मैदानात चरत राहणं नको.

सगळी भाषणं ऐकायचा हट्ट धरू नकोस. वक्ते चांगले असतात, पण चार दिवसांत इतकी ऐकलीस तर एकही लक्षात राहणार नाही. दिवसाला एक पुरे. उरलेला वेळ आराधनेच्या चॅपलमध्ये बस, मुख्य व्यासपीठापुढे नव्हे, बाजूच्या लहान चॅपलमध्ये. व्यासपीठावरच्या आराधनेत हल्ली निवेदकच फार बोलतात, असं माझं म्हातारीचं कुरकुरणं आहे. लहान चॅपलमध्ये कुणी बोलत नाही. पहिली दहा मिनिटं डोक्यात नुसता कोलाहल असेल, मग कंटाळा येईल. कंटाळा आला म्हणून उठू नकोस, कारण बहुतेक जण नेमके तेव्हाच उठतात. काही सुचलं नाही तर योहानच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय हळूहळू वाच. त्यात पुष्कळ शिष्य येशूला सोडून जातात, कारण त्याचं बोलणं त्यांना कठीण वाटतं. येशू त्यांना परत बोलावून बोलणं सौम्य करत नाही. बारा जणांना विचारतो, तुम्हीही जाणार का? पेत्राचं उत्तर वाच आणि बघ, त्यात ‘मला सगळं समजलंय’ असं कुठेही नाही.

परिवर्तनाच्या वेळी, म्हणजे मिस्सात भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर-रक्त होतात तेव्हा, फोन पिशवीत असू दे. माणसाच्या डोळ्यांपुढे प्रभू असतो आणि तो त्याला पडद्यावर बघत असतो, हे दृश्य मला अजून सहन होत नाही.

आणि ओळखीच्यांचा घोळका करून बसू नकोस. परक्या भाषेत ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणणाऱ्या माणसाशेजारी उभं राहा. ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हटल्यावर तो ज्या शब्दानं उत्तर देतो, तोच ‘आमेन’ तुझाही आहे. कॅथलिक असणं म्हणजे काय हे माझ्या पत्रापेक्षा तिथं लवकर कळेल.

परतल्यावरचं मात्र बजावून सांगते. १९६४ साली मुंबईत युकेरिस्टिक काँग्रेस भरली, तेव्हा डिसेंबरात पोप सहावे पॉल आले होते. भारतात येणारे ते पहिले पोप. जाताना त्यांनी आपल्या वापरासाठी आलेली मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर तीत बसून हिंडल्या नाहीत. गाडीची सोडत काढली आणि तो पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीकडे वळवला. एवढा मोठा सोहळा, एवढी गर्दी, आणि त्यातली माझ्या मनात राहिलेली गोष्ट ही.

हे काही नवीन नव्हे. संत जस्टिन यांनी दुसऱ्या शतकाच्या मध्यास, साधारण १५५ च्या सुमारास, रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली, त्यात रविवारच्या उपासनेचं वर्णन आहे. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस, लोकांचं ‘आमेन’, हे सगळं ओळखीचं. त्यातच लिहिलंय की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे उपदीक्षित, म्हणजे धर्मगुरूंचे मदतनीस डीकन, ती भाकर नेऊन पोचवतात, आणि ज्यांची ऐपत आहे ते जे देतात त्यातून अनाथ, विधवा, आजारी आणि तुरुंगातली माणसं यांची काळजी घेतली जाते. म्हणजे आलेल्यांनी न आलेल्यांची आठवण ठेवायची, ही रीत पहिल्यापासूनची.

तेव्हा परत आल्यावर पहिल्या आठवड्यात मित्रांना फोटो दाखवत बसण्याऐवजी आपल्या चर्चमध्ये आजाऱ्यांना कम्युनियन कोण नेऊन देतं त्याची चौकशी कर आणि एकदा त्यांच्यासोबत जा. तू वाटायचं नाही, नुसतं बरोबर जायचं. मिस्साला येता न येणारी माणसं आठवडाभर त्या पाच मिनिटांची वाट कशी बघतात, ते डोळ्यांनी बघ. तुला जी भूक लागत नाही म्हणतोस किंवा म्हणतेस, ती तिथं दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसेल.

नोंदणीची मुदत बघून ठेव, आणि पायात जुने, सवयीचे बूट घाल. या मेळाव्यांत चालणं फार असतं.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारी,
धर्मशिक्षणाच्या वर्गातली तुझी बाई