जुन्या सुपरहिरो कॉमिक्सपैकी कोणती जाड खंडांत पुन्हा छापावीत?

माझं उत्तर पक्कं आहे: 'इंद्रजाल' कॉमिक्समधला बहादूर. त्याच्याकडे दैवी शक्ती नाही, मुखवटाही नाही, पण आमच्या पिढीचा सुपरहिरो तोच.

टाइम्स समूहाने १९६४ मध्ये वेताळापासून (म्हणजे परदेशी 'फँटम'पासून) 'इंद्रजाल' सुरू केलं. ते इंग्रजी-हिंदीसोबत मराठीतही यायचं. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर आणला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी तो चित्रात उतरवला. भगवा कुर्ता, खाली जीन्स! वडील डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेले. सूडाच्या नादात वाढलेला हा पोरगा पुढे गावकऱ्यांना हाताशी धरून नागरिक सुरक्षा दल उभारतो. चंबळच्या डाकूंच्या बातम्या रोज पेपरात यायच्या त्या काळात हे वाचताना अंगावर काटा यायचा.

वेताळाच्या मूळ इंग्रजी कथांचे देखणे खंड परदेशात निघालेत. पण आपल्या अंकांमध्ये वेताळाच्या शत्रूंचं, 'सिंग' समुद्री चाच्यांचं, नाव 'सिंगा' झालं होतं, तो अवतार त्यात कुठून मिळणार? म्हणून मराठी अंकही जसेच्या तसे छापावेत, त्याच भाषांतरासह.

१९९० मध्ये 'इंद्रजाल' बंद पडलं. माझ्याकडचे अंक आता हातात धरवत नाहीत. पिना गंजून मधलं पान सुटलंय, कागद दुमडला की तुकडाच पडतो. रद्दीत गेलेले तर गेलेच. संग्राहकांकडचे चांगले अंक स्कॅन करून बहादूरच्या सगळ्या कथा प्रकाशनाच्या क्रमाने छापा, मी पहिल्याच दिवशी पैसे भरतो.