गोळ्या चालू आहेत, तरी फिट का येते? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा, हर्णैला ट्रॉलरवर खलाशी आहे. वजन ६० किलो. सात वर्षांपासून फिट येतात. आधी कार्बामाझेपिन ४०० दोन वेळा, मग लेव्हेटिरासेटाम ५०० दोन वेळा, आता सोडियम व्हॅल्प्रोएट ३०० दोन वेळा, अशा तिन्ही चालू आहेत. तरी महिन्यात तीन-चार वेळा पोटातून काहीतरी वर आल्यासारखं होतं, मग तो टक लावून बघत राहतो, तोंड चघळल्यासारखं करतो, हाताने कपडे चाचपतो. नंतर काही आठवत नाही. आता चौथी गोळी सुरू करायची म्हणतात. करावी का? (एक आई, दापोली तालुका)

उत्तर : चौथीचा निर्णय घेण्याआधी या तिघींना पुरी संधी मिळाली का, ते तपासा. पत्रावरून तरी ती मिळालेली दिसत नाही.

पहिली गोष्ट मात्रेची. लेव्हेटिरासेटाम दिवसाला १००० मिलिग्रॅम ही सुरुवातीची मात्रा आहे. मूत्रपिंडं ठीक असतील तर ती ३००० पर्यंत नेता येते. ६० किलो वजनाला व्हॅल्प्रोएट ६०० हीदेखील कमीच. सुरुवातीच्या मात्रेवर फिट थांबली नाही म्हणून ते औषध बाद धरायचं नसतं. त्रास होईपर्यंत किंवा फिट थांबेपर्यंत मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते. लेव्हेटिरासेटाम वाढवताना चिडचिड, भांडखोरपणा, उदासी वाढते का, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. रुग्णाला स्वतःला ते बहुधा जाणवत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्याची, आणि ती शहरातल्या डॉक्टरांच्या सहसा लक्षात येत नाही. कार्बामाझेपिनची गोळी दमट हवेत राहिली की कडक होते, पोटात नीट विरघळत नाही आणि तिचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो. व्हॅल्प्रोएट तर हवेतली ओल ओढून घेतं, गोळी चिकट होते. फॉइलमधून काढून आठवड्याच्या डबीत भरलेल्या गोळ्या बोटीवर किंवा पावसाळ्यात माजघरातही टिकत नाहीत. पट्टी न फोडता घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका आणि गोळी खायच्या वेळीच फोडा. मेडिकलवाल्याकडून सुट्या, कापलेल्या पट्ट्या घेऊ नका.

वेळही पाहा. दोन वेळच्या गोळ्यांमध्ये साधारण १२ तासांचं अंतर हवं. रात्री जाळं ओढायचं आणि दिवसा झोपायचं, या चक्रात एक डोस हमखास चुकतो, आणि झोपमोड स्वतःच फिट आणते. 'सीआर' लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी चुरडून किंवा चावून खायची नाही.

हे सगळं सुधारल्यावर सकाळचा डोस घेण्याआधी रक्तातली पातळी तपासून घ्या. कार्बामाझेपिन साधारण ४ ते १२ आणि व्हॅल्प्रोएट ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावं. एक खोच लक्षात ठेवा: या दोन्ही एकत्र असल्या की व्हॅल्प्रोएटमुळे कार्बामाझेपिनपासून बनणारा एक घटक शरीरात साचतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये पातळी बरोबर असूनही चक्कर आणि दोन-दोन दिसणं सुरू होऊ शकतं.

आता मूळ प्रश्न. योग्य निवडलेली, सोसलेली आणि पुऱ्या मात्रेत दिलेली दोन औषधं अपयशी ठरली, तर तो औषधाला न जुमानणारा अपस्मार (फिटचा आजार), ही आंतरराष्ट्रीय व्याख्या २०१० सालची आहे. नव्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या औषधाने जवळजवळ निम्म्या लोकांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या, आणि त्यापुढच्या औषधांनी फार थोड्यांच्या. म्हणून दोन औषधं खरोखरच हरली असतील तर चौथी, पाचवी गोळी खात वर्षं घालवू नका. लॅकोसामाइड, क्लोबाझाम, ब्रिव्हारासेटाम ही औषधं चालू करता येतात (ब्रिव्हारासेटाम सुरू केल्यास लेव्हेटिरासेटाम थांबवतात, दोन्हींचं काम एकच), पण शस्त्रक्रियेसाठीची तपासणी त्याच वेळी सुरू व्हायला हवी.

तुम्ही वर्णन केलेली फिट कानशिलाच्या आतल्या भागातून, टेम्पोरल लोबमधून, निघत असावी. साध्या एमआरआयमध्ये तिथला दोष सुटून जातो. चिठ्ठीवर 'एपिलेप्सी प्रोटोकॉल' लिहून घ्या, शक्य तर ३ टेस्ला मशीनवर काढा. हिप्पोकॅम्पस (टेम्पोरल लोबमधला आठवणींशी निगडित भाग) आक्रसलेला दिसला तर शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा. २००१ च्या कॅनडातल्या चाचणीत अशा अपस्मारात शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के रुग्ण वर्षभरानंतर भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते. नुसत्या गोळ्यांवरचे ८ टक्के. मुंबईत केईएम आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हे काम १९९५ पासून चालतं आणि नेत्रावती एक्सप्रेस रत्नागिरीहून थेट तिथे जाते. जाताना जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, प्रत्येक औषधाची सर्वांत मोठी मात्रा, ते का बंद केलं याची नोंद आणि मोबाइलवर काढलेला फिटचा व्हिडिओ न्या. व्हिडिओत डोळे, चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत.

तोवर बोटीवर जाणं बंद. यात तडजोड नको.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची. सकाळी उठल्यावर हात उडतात, चहाचा कप पडतो. रात्रभर दशावतार बघून आली की दुसऱ्या दिवशी मोठी फिट. ऑक्सकार्बाझेपिन सुरू केल्यापासून हात जास्तच उडतात. (कुडाळ)

उत्तर : हे चित्र ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीचं, म्हणजे किशोरवयात सुरू होणाऱ्या, हात उडण्याच्या झटक्यांच्या अपस्माराचं वाटतं. या प्रकारात ऑक्सकार्बाझेपिन, कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन झटके वाढवू शकतात. 'गोळ्या लागू पडत नाहीत' असं वाटणाऱ्या कित्येकांची खरी अडचण औषधाच्या निवडीत असते. सकाळचे झटके डॉक्टरांना स्वतःहून सांगा. मोठ्या फिटच्या गडबडीत ते कोणी विचारत नाही. गोळी मनाने बंद करू नका, नवी सुरू करून जुनी उतरवायची असते.

व्हॅल्प्रोएट इथे सर्वांत प्रभावी, पण मुलीला ते देताना दहादा विचार करावा. गरोदरपणी ते चालू असेल तर सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी आढळतात. म्हणून आधी लेव्हेटिरासेटाम. लॅमोट्रिजिनही चालतं, मात्र काहींत त्याने झटके वाढतात, आणि त्याची मात्रा आठवड्यांच्या हिशोबानेच वाढवायची. घाई केली तर अंगावर पुरळ उठून जिवावर बेतू शकतं. पुरळ दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दशावतार बघावा, पण मध्यरात्रीपूर्वी घरी परतावं.

प्रश्न : वडिलांचं फेनिटॉइन ३०० वरून ४०० केलं. आठवड्याभरात झोकांड्या जाऊ लागल्या. एवढ्याशा वाढीने? (राजापूर)

उत्तर : हो. एका मर्यादेनंतर यकृताची हे औषध निकामी करण्याची ताकद संपते, मग थोड्या वाढीनेही रक्तातली पातळी एकदम उसळते. ३०० च्या पुढे २५-५० मिलिग्रॅमनेच वाढवतात. पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर दरम्यान हवी. रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) कमी असेल तर आकडा फसवा असतो. क्षयाचं आयसोनियाझिड सुरू झालंय का, तेही सांगा, त्यानेही फेनिटॉइन चढतं. आज-उद्या तपासणी करा.

प्रश्न : दवाखाना ४० किलोमीटरवर. घरी काय ठेवावं? (वेंगुर्ले)

उत्तर : नाकात मारायचा मिडाझोलाम स्प्रे, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. मात्रा साधारण वजनाच्या किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. ५० किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे १.२५ मिलिग्रॅमचे आठ फवारे, प्रत्येक नाकपुडीत चार. बाजारात ०.५ चीही बाटली मिळते, तेव्हा लेबल वाचूनच फवारे मोजा आणि तो आकडा बाटलीवर चिकटवून ठेवा. घड्याळ लावा, फिट पाच मिनिटं टिकली तर स्प्रे मारा आणि १०८ ला फोन करा. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. स्प्रेनंतर श्वास मंदावतो का ते बघत राहा.