फ्लूच्या लसीवर मेडिकलच्या विद्यार्थ्यांचा पहिला सर्व्हे करतोयस ना, मग आधी एवढं बघ

विषय मस्त निवडलायस, पहिल्या प्रोजेक्टला नक्की जमेल. फक्त नॉलेज (काय माहीत आहे) आणि ॲटिट्यूड (काय वाटतं) एकाच प्रश्नात कोंबू नकोस, सुरुवातीला बहुतेक जण हेच करतात. लस दरवर्षी का घ्यावी लागते हे नॉलेज, त्याचं उत्तर बरोबर किंवा चूक (व्हायरस बदलत राहतो आणि मिळालेलं संरक्षणही काही महिन्यांत उतरतं). मी नाही घेतली तर माझ्या पेशंटला धोका आहे असं वाटतं का, हे ॲटिट्यूड, तिथे चूक-बरोबर मार्क द्यायचे नाहीत.

अजून तीन गोष्टी:

- "लस महत्त्वाची आहे ना?" असलं काही विचारू नकोस, मेडिकलची पोरं हो म्हणून मोकळी होतात. मागच्या सीझनला घेतली का, नसेल तर का नाही, हे विचार. खरा माल त्या "का नाही" मध्येच असतो: वेळ नव्हता, मी तरुण आहे मला काय होतंय, लसीनेच फ्लू होतो वगैरे. हे शेवटचं तर पर्यायांत नक्की ठेव, कारण इंजेक्शनच्या लसीत जिवंत व्हायरस नसतोच, पण संरक्षण तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात आणि मधे कोणी आजारी पडलं की खापर लसीवर फुटतं.
- फॉर्म वाटायच्या आधी एथिक्स कमिटीची परवानगी घे.
- १०-१५ जणांकडून आधी भरून घे, कुठे अडतात ते शेजारी बसून बघ.

रिग्रेशन (कशाचा कशाशी किती संबंध आहे ते काढायचं गणित) वगैरे आत्ता डोक्यात घेऊच नकोस. प्रश्न लिहून झाले की दाखव, मी बघून देते.