गाडी सुटलेली असेल

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावी विज्ञानाला आलेल्या मुलांचे पालक मला दरवर्षी एकच काळजी बोलून दाखवतात: "इंग्रजीतले काळ हिच्या डोक्यात शिरतच नाहीत, मराठी माध्यमात घातले हेच चुकले का?" गेल्या वर्षी हाच प्रश्न घेऊन एक आई मुलीसह आल्या. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी रोज गावाहून एसटीने येत असे. बाराही काळांचा तक्ता तिने वहीत दोन रंगांनी आखला होता आणि तो तिला तोंडपाठ होता. तरीही ‘फ्युचर परफेक्ट’च्या रकान्यापाशी तिचा हात थांबे, कारण वर्गात ‘ही विल हॅज’ म्हटल्यावर पिकलेला हशा ती विसरली नव्हती.

मी तिला वही मिटायला सांगितली आणि विचारले, "आता निघालीस तर साडेपाचची गाडी मिळेल का गं?"

"नाही मॅडम, मी स्टँडवर पोहोचेपर्यंत गाडी सुटलेली असेल."

तिचे वाक्य मी कागदावर उतरवून तिच्यापुढे ठेवले. ‘सुटलेली’ हा शब्द क्रिया पूर्ण झाल्याचे सांगतो आणि ‘असेल’ ती पूर्णता पुढच्या वेळेत नेऊन ठेवतो. इंग्रजीत हेच काम ‘विल हॅव’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप मिळून करतात: ‘द बस विल हॅव लेफ्ट.’ ‘विल’नंतर क्रियापद मूळ रूपातच येते, त्यामुळे कर्ता ‘ही’ असो वा ‘दे’, ‘हॅव’ तसाच राहतो. ‘ही’ आला की ‘हॅज’ लावायचा हा नियम तिने मन लावून शिकला होता आणि तोच तिने नको तिथे लावला होता. अशा चुकीवर वर्गाने हसावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

मग तिने उरलेला भाग लिहिला: ‘बाय द टाइम आय विल रीच द स्टँड’. मी तिला मराठी वाक्यातल्या ‘पोहोचेपर्यंत’वर बोट ठेवायला लावले. "इथे तू ‘पोहोचेन’ म्हणालीस का?" तिने क्षणभर पाहिले आणि स्वतःच ‘विल’ खोडला.

इतका वेळ गप्प बसलेल्या आईंनी घड्याळाकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "हिचे बाबा घरी पोहोचले असतील." मी तेही वाक्य लिहून घेतले. यात भविष्य नाही, आत्ताचा अंदाज आहे, आणि इंग्रजीही त्यासाठी हेच रूप वापरते: ‘ही विल हॅव रीच्ड होम बाय नाऊ.’ ज्या माध्यमाला त्या दोष देत होत्या, त्याच भाषेने दोन्ही वापर मायलेकींना आधीच शिकवलेले होते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. खरी अडचण त्या हशाची होती, आणि तिच्यावर आम्ही पुढच्या दोन भेटींत स्वतंत्रपणे बोललो.

‘विल हॅव बीन’ आणि पुढे ‘आयएनजी’ हे रूप मी त्या दिवशी मुद्दाम बाजूला ठेवले. एखादी क्रिया पुढच्या एखाद्या क्षणापर्यंत किती काळ चालत आलेली असेल हे सांगायला ते लागते, आणि रोजच्या बोलण्यात त्याची गरज क्वचितच पडते. रोज गाडीत बसल्यावर मनात आलेले एक वाक्य आधी मराठीत आणि मग इंग्रजीत लिहायचे, एवढेच तिला सांगितले.

महिन्याने तिने छोटी डायरी दाखवली. शेवटच्या पानावर तिने आपणहून लिहिले होते: ‘बाय नेक्स्ट जून, आय विल हॅव बीन ट्रॅव्हलिंग बाय धिस बस फॉर अ इयर.’ ‘बीन’खाली दोन रेघा होत्या.