मांजर रात्री का ओरडते? वाचकांच्या प्रश्नांना पशुवैद्याची उत्तरे

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा बोका रोज पहाटे चारला खोलीच्या दारावर नखे ओढत ओरडतो. खायला दिले की गप्प होतो. दुर्लक्ष केले तर आवाज आणखी वाढतो.

उत्तर : पहाट आणि तिन्हीसांज या मांजराच्या शिकारीच्या वेळा आहेत, त्यामुळे चारला जाग येणे हा त्याचा स्वभाव झाला, ओरडले की वाटी भरते, हे मात्र त्याला घरानेच शिकवले आहे. तीन दिवस कान बंद करून चौथ्या दिवशी आपण वैतागून उठलात, तर त्याने एवढेच ध्यानात ठेवले की अजून थोडे ताणून धरायला हवे. सवय मोडताना आवाज आधी चढतो आणि मग ओसरतो, आणि नेमक्या त्या चढत्या दिवसांतच बहुतेक घरे हार मानतात. रागावू नये, पाणीही उडवू नये. त्याने भीती तेवढी बसते, भूक आणि कंटाळा तसाच राहतो.

खरा उपाय संध्याकाळी करायचा असतो. दिवसाचे बारा ते सोळा तास झोपणाऱ्या प्राण्याला निजण्याआधी दहा-पंधरा मिनिटे मनापासून खेळवावे. काठीला बांधलेले पीस त्याच्या तोंडासमोर नाचवू नये. ते त्याच्यापासून दूर, पलंगाच्या पायाआड हळूच सरकवावे, कारण सावज कधी शिकाऱ्याकडे चालत येत नाही. तो दबा धरेल, मागचा भाग हलवेल आणि झेप घेईल. शेवटी ते त्याच्या पंजात सापडू द्यावे आणि लगेच रात्रीचे जेवण वाढावे. शिकार, खाणे, अंग चाटणे आणि झोप हा क्रम त्याच्या अंगात मुरलेला आहे. पहाटेच्या घासासाठी वेळ लावून उघडणारा डबा ठेवला, तर अन्न डब्यातून येते, माणसाला उठवून नव्हे, हे तो शिकतो. मग ती वेळ रोज थोडी थोडी पुढे न्यावी.

प्रश्न : चौदा वर्षांची आमची मांजर अलीकडे मध्यरात्री भिंतीकडे तोंड करून मोठ्याने टाहो फोडते. खाते भरपूर, तरी वाळत चालली आहे. हे वयामुळेच असेल ना?

उत्तर : कृपया वयावर सोडून देऊ नये. भूक वाढलेली असताना वजन उतरणे आणि त्यासोबत रात्रीचे ओरडणे हे ऐकताच मला पहिली शंका येते ती थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागल्याची. दहा वर्षांपुढच्या मांजरांत हा आजार बराच आढळतो, रक्त तपासून कळतो आणि औषधाने आटोक्यात येतो. त्याच भेटीत मूत्रपिंडांची तपासणी करावी आणि रक्तदाबही मोजून घ्यावा, कारण वाढलेल्या रक्तदाबाने अचानक अंधत्व येऊ शकते. सांधेदुखी आणि बहिरेपणानेही म्हातारी मांजरे रात्री ओरडतात. हे सारे नसेल, तर मेंदूच्या वार्धक्यामुळे तिला दिशा उमगत नसावी. अशा वेळी रात्री मंद दिवा लावावा, वाटी, अंथरूण आणि रेतीची पेटी यांच्या जागा बदलू नयेत आणि तिला हळू आवाजात जवळ बोलवावे. पहिल्या प्रश्नातील दुर्लक्षाचा सल्ला तिला मुळीच लागू नाही. दुखत असेल या समजुतीने माणसांचे पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नये. मांजरासाठी ते प्राणघातक विष आहे.

प्रश्न : सात महिन्यांची मांजर दोन रात्री जमिनीवर लोळत, शेपटी बाजूला करून विव्हळते आहे. तिला काही दुखते आहे का?

उत्तर : ती माजावर आली आहे. माज साधारण आठवडाभर टिकतो आणि गर्भधारणा न झाल्यास दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. तोवर दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात आणि डॉक्टरांशी बोलून नसबंदीचा दिवस ठरवावा.

प्रश्न : बोका रात्रीपासून रेतीच्या पेटीत वारंवार बसतो आणि ओरडतो. बद्धकोष्ठ असेल का?

उत्तर : या वाचकांना मी उत्तर आधीच कळवले आहे, इतरांसाठी येथे देतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो तुंबला की जोर करूनही लघवीचा थेंब पडत नाही. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पेटीतली रेती कोरडी दिसली, तर पोट दाबून पाहण्यात वेळ न घालवता, रात्रीचे कितीही वाजले असले तरी त्याला तडक दवाखान्यात न्यावे.