ओब्सिडियनमध्ये ७०० नोट्स झाल्या, तरी पीएचडीच्या संकल्पनांचा गुंता सुटत नाही. दुसरं कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

ओब्सिडियन तुम्ही लिहिलेलं सांभाळतं आणि दोन नोट्स जोडून देतं. ती जोडणी कसली, हे मात्र विचारत नाही. त्यातला ठिपक्यांचा ग्राफ दिसतो झकास. मला त्यातून आजवर काही कळलेलं नाही.

आधी सीमॅपटूल्स बघा, फुकट आहे. जोसेफ नोव्हाक यांनी १९७२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मुलांना विज्ञान कितपत कळतं हे तपासताना संकल्पना-नकाशे काढायला सुरुवात केली, त्याच पद्धतीवर हे बेतलंय. यात प्रत्येक रेघेवर शब्द लिहायचे: ‘मुळे होतो’, ‘चा प्रकार आहे’. शब्द सुचला नाही, तर गाडी तिथेच अडलीय.

पण प्रयोग करायचा असेल तर प्रोटेजे. यात संकल्पनांचे प्रकार आणि नाती लिहायची, ती एकमेकांशी जुळतात का हे ते तपासतं. स्टॅनफर्डचं, हेही फुकट. मी नागपूरचा, म्हणून सरावाला संत्रा घेतला. बाजारात ‘आंबिया संत्रा’, ‘मृगाचा संत्रा’ म्हणतात, तसे मी संत्र्याच्या झाडाचे दोन प्रकार केले. काटोलला मामांच्या बागेतल्या एका झाडावर मागे मृगाचं पीक घेतलं होतं, नंतर आंबियाचं. ते झाड दोन्हींत टाकलं आणि रीझनर, म्हणजे विसंगती शोधणारा भाग, चालवला. ढिम्म! कारण हे दोन प्रकार एकमेकांत मिसळत नाहीत, असं मी सांगितलंच नव्हतं, आणि ओडब्ल्यूएलमध्ये, म्हणजे प्रोटेजेत ज्या भाषेत हे लिहितात तिच्यात, न सांगितलेलं खोटं धरत नाहीत. ते एक विधान घातल्याबरोबर विसंगती दाखवली. तासभर मी सॉफ्टवेअरलाच शिव्या घातल्या. शेवटी मामांना फोन केला.

“झाड तं तेच हाय ना बाप्पा! पानी कवा तोडलं, त्याच्यावर बहार.”

म्हणजे बहार, झाडाला येणारा फुलोरा, हा झाडाचा प्रकारच नव्हे. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण दिला तर आंबिया, मेमध्ये दिला तर मृग. मी ‘बहार’ वेगळा काढला, झाडाशी वर्षागणिक जोडला, आणि तक्रार मिटली. तुमच्याही गुंत्यात असाच एखादा ‘प्रकार’ लपलेला असण्याची दाट शक्यता आहे.

नावं मराठीत देता येतात, लेबलला मराठीची खूण लावायची. शिकायला दोन-तीन आठवडे डोकं पिकेल. आणि ७०० नोट्स त्यात ओतू नका. ज्यांच्यावरून मार्गदर्शकांशी वाद होतो, त्या पंधरा संकल्पना घ्या.