तपासले ते टाइपमध्ये उतरव

चि. यास अनेक आशीर्वाद.

ग्राहक क्रमांक आणि खाते क्रमांक हे दोन्ही टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत नुसते स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, म्हणून ठेवावेत का, यावर तू दोन दिवस अडून बसलास आणि अखेर कोणाच्या तरी सांगण्यावरून फंक्शनच्या आत एक इफ, म्हणजे अट तपासणारी ओळ, लिहून मोकळा झालास, हे वाचून मला राहवले नाही. इफ तपासतो, पण काय तपासले हे पुढच्या फंक्शनला सांगत नाही. जे तपासले, ते टाइपमध्ये, म्हणजे कोड चालण्याआधी कम्पायलर जो प्रकार पाहतो त्यात, उतरले पाहिजे.

दोन टाइपांना दोन नावे दिलीस, तेवढ्याने भागत नाही. टाइपस्क्रिप्ट नाव पाहत नाही, रचना पाहते. त्यामुळे आर्ग्युमेंट्सची, म्हणजे फंक्शनला दिलेल्या या दोन क्रमांकांची, अदलाबदल झाली तरी कम्पायलर हूं की चूं करणार नाही. दोन्ही टाइपांना वेगवेगळा ब्रँड, म्हणजे फक्त कम्पायलरला दिसणारी खूण, लाव आणि तो लावण्याचा अधिकार प्रत्येकी एकाच, तपासणी करणाऱ्या फंक्शनला दे. बाहेरून जेसन या मजकुरी स्वरूपात आलेली माहितीही तिथूनच आत यावी, कारण कोड चालताना हे टाइप उरलेलेच नसतात. हास्केल भाषेत न्यूटाइप (जुन्या टाइपवर बेतलेला वेगळा टाइप) करून त्याचा कन्स्ट्रक्टर (त्या टाइपची किंमत घडवण्याचे साधन) मॉड्यूलबाहेर जाऊ न देणे, हे त्याच जातीचे काम आहे.

तुझ्या वयात मी अशीच दोन आर्ग्युमेंट्स उलटी दिली होती. दोन्ही पूर्णांक होते आणि टेस्टमध्ये दोन्हींची किंमत 1 होती, म्हणून टेस्ट पास झाल्या. नंतर तीन रात्री बसून नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. ‘लक्ष देऊन लिहीत जा’ असे मला सांगण्यात आले, आणि पुढे कितीतरी वर्षे मी धाकट्यांना तेच ऐकवत राहिलो, याची खंत आजही आहे. 1999 मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर गमावले, तेव्हा एका सॉफ्टवेअरने पौंड-सेकंदांत दिलेले आकडे दुसऱ्याने न्यूटन-सेकंद समजून घेतले होते; फरक सुमारे 4.45 पटींचा होता. ती माणसे काय निष्काळजी होती? आकडा उघडा होता, त्याच्यासोबत त्याचे एकक नव्हते.

मी हट्टी आहे, हे मला ठाऊक आहे. पण ज्याने त्या तीन रात्री काढल्या, त्याला चार जास्तीच्या ओळी जड वाटत नाहीत. इद्रिस या भाषेप्रमाणे यादीची लांबीच टाइपमध्ये आणावी का, असेही तू विचारले आहेस. अवश्य शीक, मात्र या कामात तुला यादी रिकामी नाही एवढीच हमी हवी आहे, आणि तिला पहिला घटक व उरलेली यादी अशी जोडी पुरते. तो इफ काढ, ब्रँड लाव आणि जिथे जिथे कम्पायलर अडेल, त्या जागा मला कळव.